गुणपत्रिकेत न मावणारी शाळा

बारावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेड ही दोन नावं राज्यभरातल्या वर्तमानपत्रांत झळकतात. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी रुजवलेला ‘लातूर पॅटर्न’ आता तीन दशकांहून जुना झाला. नांदेडच्या कॉपीमुक्ती अभियानालाही पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हटलं जाऊ लागलं, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांमुळे तिथल्या गल्ल्या परगावच्या मुलांनी भरून गेल्या. जूनमध्ये बसस्थानकाबाहेर बाप-लेक वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन खोली शोधत हिंडताना दिसतात. पावसानं पाठ फिरवली तरी मुलाची फी थकू द्यायची नाही, या हट्टावर मराठवाड्यातली कितीतरी घरं वर आली. त्या हट्टाबद्दल मला मनापासून आदर आहे.

याच शहरांत रोज सकाळी आणखी एक गाडी फिरते. तिच्यात एक ताई दाराशी बसलेली असते. कुणाची आई मुलाला कडेवर आणून आत बसवते, मूल मात्र दहा-अकरा वर्षांचं असतं. कुणी खिडकीची काच बोटांनी वाजवत असतो, कुणी एकच वाक्य शाळा येईपर्यंत म्हणत असतो. ही मुलं जिथं जातात त्या शाळांविषयी हे पुस्तक आहे. विशेष शिक्षक, काळजीवाहक आणि पालक यांनी त्यात लिहिलं आहे. शिक्षणाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या दोन जिल्ह्यांनी आपल्या या शाळांकडे जेमतेम पाहिलं आहे. या शाळांत चालतं ते काम दयेचं नाही, अवघड आणि शास्त्रशुद्ध अध्यापनाचं आहे, एवढं मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार यांची गल्लत अजून सर्रास होते. तिन्हींना गावात एकच शब्द लावला जातो. बौद्धिक अक्षमतेत समज आणि रोजचं जगणं सांभाळण्याचं कौशल्य या दोन्हींची वाढ लहानपणापासून संथ असते. बुद्ध्यंक साधारण 70च्या खाली आहे एवढ्यावर निदान होत नाही. मूल स्वतः जेवतं का, धोका ओळखतं का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतं का, हेही पाहावं लागतं. अशा मुलांपैकी बहुसंख्य सौम्य गटातली असतात. ती गावच्या शाळेत मागच्या बाकावर बसून चौथी-पाचवीपर्यंत ढकलली जातात आणि ‘ढ’ ठरतात. स्वमग्नतेत अडचण वेगळ्या ठिकाणी असते : माणसांशी देवाणघेवाण, संवाद, आणि ठरलेल्या गोष्टींचा, वागण्याचा घट्ट आग्रह. काही स्वमग्न मुलांची बुद्धी उत्तम असते, काहींना दोन्ही अडचणी असतात. मानसिक आजार हा तिसराच विषय. तो कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधं चालतात.

2011च्या जनगणनेत देशात सुमारे 15 लाख माणसांची नोंद बौद्धिक अक्षमतेखाली झाली. स्वमग्नतेचा तर वेगळा रकानाच नव्हता. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यातही ती नव्हती. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला, प्रकार 21 झाले, आणि तेव्हा कुठे ती या यादीत आली. त्याआधीच्या वर्षांत स्वमग्न मुलाच्या आईला प्रमाणपत्रासाठी मुलाला ‘मतिमंद’ लिहून घ्यावं लागे. तसं लिहून घेतल्याशिवाय शाळाही मिळत नसे, सवलतही.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात मुंबईत झाली. 1944 मध्ये वकील दांपत्यानं आपल्या मुलीच्या, जयच्या, निमित्तानं शाळा काढली. जय वकील शाळा म्हणून ती आजही उभी आहे. पुण्यात 1964 मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली, नाशकात रजनीताई लिमये यांनी ‘प्रबोधिनी’ उभारली. मुंबईची शाळा निघाली तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि साधी प्राथमिक शाळाही गावोगाव नव्हती. लातूर जिल्हा म्हणून वेगळा झाला तोच 1982 मध्ये. त्यामुळे आपल्याकडे या शाळा उशिरा आल्या, आणि आल्या त्या बहुतेक स्वयंसेवी संस्थांच्या हातून.

नांदेडच्या पालकांना त्या काळी मुंबई-पुण्यापेक्षा सिकंदराबाद सोयीचं होतं. नांदेडचा रेल्वे विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, तिचं मुख्यालय सिकंदराबादेत, आणि 1984 मध्ये मनोविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्थाही तिथंच झाली. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी मुलाची तपासणी करून घ्यायची, सांगितलेले व्यायाम वहीत उतरवून परतायचं. त्या संस्थेनं तयार केलेल्या मूल्यमापनाच्या पद्धती आजही या शाळांच्या कपाटांत असतात. बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी वापरली जाते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती.

लातूरकडे या कामाला भूकंपानंही एक वळण दिलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेनंतर किल्लारी परिसरात मदतीला आलेल्या संस्थांपैकी काही परतल्या, काही राहिल्या. जनकल्याण समितीनं हरंगुळला भूकंपग्रस्त भागातल्या मुलांसाठी निवासी विद्यालय काढलं, आणि पुढे तिथंच सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र उभं राहिलं. लातूर शहरात ‘उमंग’ ही संस्था स्वमग्नता आणि बहुविकलांगतेवर उपचार आणि प्रशिक्षणाचं काम करते. नांदेडात मगनपुऱ्यातलं मालपाणी मतिमंद विद्यालय अनेक पालकांना ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरात अंबिका टाकळकर यांनी आपल्या स्वमग्न मुलाला वाढवता वाढवता ‘आरंभ’ उभी केली. या संस्थांचा इतिहास पुढे ज्यानं त्यानं लिहायचा आहे. मला वर्गात जायचं आहे.

वर्गात एक लाकडी चौकट असते. तिच्यावर सदऱ्याच्या पुढच्या भागासारखं कापड ताणून बसवलेलं, मधोमध चार मोठी बटणं. आपण बटण लावतो तेव्हा त्यात किती पायऱ्या आहेत हे आपल्याला कळतही नाही. डाव्या हातानं काज्याची कड धरायची, उजव्या हाताच्या चिमटीत बटण आडवं धरायचं, काज्यात टोक घालायचं, डाव्या हाताच्या बोटांनी पलीकडून ते पकडायचं, मग ओढायचं. शिक्षिका सुरुवात शेवटच्या पायरीपासून करते. बटण तीन चतुर्थांश तीच आत सरकवते आणि मुलाला फक्त ओढायला लावते. बटण लागतं, मुलाला दिसतं की आपण लावलं. आठवडाभरानं ती अर्धंच सरकवते. मग फक्त टोक. चौकटीवर जमलं की मोठ्या बटणांचा सदरा टेबलावर ठेवून, मग तो अंगात घालून, कारण अंगातलं बटण खाली मान घालून पाहावं लागतं आणि ते निराळंच कौशल्य आहे. यात दोन महिने जातात, कधी वर्ष जातं. मुलाचा हात धरून करून घेतलं, तोंडी सांगितल्यावर केलं, नुसत्या खुणेवर केलं, की स्वतः केलं, याची नोंद दर वेळी तक्त्यात होते. आधीच्या नोंदीवरून पुढच्या तिमाहीचा आराखडा ठरतो, आणि तो त्या एकट्या मुलाचा असतो. एका वर्गात आठ मुलं असतील तर अभ्यासक्रमही आठ.

सिकंदराबादच्या संस्थेच्या या तक्त्यात एका गटातल्या बाबींपैकी 80 टक्के साधल्या की मूल पुढच्या गटात जातं : पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, मग व्यवसायपूर्व. लातुरात 80 टक्के मिळाले की घरात सुतक पडतं. इथं 80 टक्के झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले जातात, आणि आणलेले असतात ते वडिलांनी.

एका बाबतीत मात्र या शाळा आणि शिकवण्या जवळच्या आहेत. लातूर पॅटर्नचं बळ सरावात आहे : पुन्हा चाचणी, पुन्हा चूक शोधणं, पुन्हा सोडवणं. विशेष शिक्षकही हेच करतो. फरक असा की तिथं एक वेळापत्रक हजारांना लागू असतं आणि जो मागे पडला त्याला दुसरी वाट शोधावी लागते. इथं मूल मागे पडलं तर वेळापत्रक बदलतं, मुलाला बदलत नाहीत. गावोगावच्या नेहमीच्या शाळांनी हे थोडं जरी उचललं तरी मागच्या बाकावरची किती मुलं वाचतील!

स्वमग्न मुलांचा वर्ग आणखी वेगळा. भिंतीवर चित्रांची पट्टी लावलेली असते : चप्पल काढणं, प्रार्थना, मणी ओवणं, डबा, झोका, घर. एक काम झालं की मूल ते चित्र काढून खोक्यात टाकतं. आता पुढं काय हे दिसत राहिलं की त्याची घालमेल निम्मी होते. “पाणी पाहिजे का?” असं विचारलं की उत्तर येतं, “पाणी पाहिजे का?” नवख्याला वाटतं मूल नक्कल करतंय. शिक्षिकेला माहीत असतं की हा त्याचा होकार आहे. ती प्रश्न बदलते, पेला हातात देत स्वतःच म्हणते, “पाणी पाहिजे.” काही महिन्यांनी मूल पेल्याकडे पाहत ते वाक्य म्हणतं. ज्यांना बोलणं येतच नाही त्यांना चित्राचं कार्ड हातात द्यायला शिकवतात, आणि ‘कार्ड दिलं तर बोलायचंच थांबेल’ ही पालकांची भीती अनुभवानं खोटी ठरते.

आवाज हे यांचं मोठं दुखणं. कुकरच्या शिट्टीनं कानात बोटं घालून पळणारं मूल गणपतीच्या डीजेसमोर काय सोसत असेल? नांदेडला होळीनंतरची हल्लाबोल मिरवणूक, लातूरला सिद्धेश्वराची यात्रा, लग्नसराईतल्या वराती. दर वर्षी या दिवसांत मुलं झोपत नाहीत, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतात, आणि शेजारी म्हणतात, “वळण लावलं नाही आईनं.” आईला यातला प्रत्येक शब्द ऐकावा लागतो.

दोष आईचाच, हे आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं. ग्रहणात भाजी चिरली, बाळंतपणात काही खाल्लं, माहेरच्या रक्तात होतं. खरी कारणं पुष्कळ आहेत आणि बऱ्याचदा एकही हाती लागत नाही. जन्मताच मूल न रडणं म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडणं, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, गुणसूत्रांतले बदल. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या काही आठवड्यांत कळली तर रोजच्या एका गोळीनं मुलाची बुद्धी वाचते, न कळली तर नुकसान कायमचं होतं. नात्यातल्या लग्नांबद्दलही स्पष्ट लिहिलं पाहिजे. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात अजून आहे. जवळच्या रक्तात लग्न झालं की काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, तो आई-बाप दोघांकडून येतो, आणि सून घराबाहेर काढल्यानं तो टळत नाही.

मूल शाळेत येतं तेव्हा बहुधा सात-आठ वर्षांचं झालेलं असतं. आधीची वर्षं कशी गेली हे बहुतेक सगळ्या पालकांच्या लेखांत थोड्याफार फरकानं आहे. ‘याचा बापही उशिरा बोलला’ या धीरात दोन वर्षं, नवसात दोन वर्षं, मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत उरलेली, त्यात एक एकर विकलेलं. अलीकडे मूलपेशींच्या इंजेक्शनांची जाहिरात या पालकांपर्यंत पोचते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं, तरी लाखांचे आकडे सांगणारे थांबलेले नाहीत. वर्षभराचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, आलेले शब्द गळून जात असतील, तर वाट पाहू नये. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत येतात, तिथं मूल दाखवावं. तिसऱ्या वर्षी सुरू झालेलं काम आणि नवव्या वर्षी सुरू झालेलं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शाळा शहरात, मुलं खेड्यांत, हे या दोन जिल्ह्यांचं आणखी एक दुखणं. मुखेड, कंधार, किनवट, जळकोट या तालुक्यांतून रोज ने-आण शक्य नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुलाला फडावर नेतं. तिथं कोपीत त्याला बांधून ठेवणारी आई निर्दय नसते, जवळून ट्रॅक्टर आणि कोयते जात असतात. अशा मुलांसाठी निवासी शाळा हाच मार्ग उरतो, आणि तिथं रात्रीच्या काळजीवाहकावर सगळं येऊन पडतं. अपस्माराची मुलं, गादी ओली करणारी मुलं, रात्री उठून चालू लागणारी मुलं. या काळजीवाहकांचे लेख पुस्तकात थोडे आहेत. लिहायला त्यांना सवडच सापडली नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही, असं कारण दिलं गेलं. महाराष्ट्रभर त्याविरुद्ध आवाज उठला. आजही एखादी आई दबक्या आवाजात तेच विचारायला येते, आणि तिच्या मनात स्वच्छतेपेक्षा अत्याचाराची भीती जास्त असते. गर्भाशय काढल्यानं अत्याचार थांबत नाही, तो फक्त लपतो, हे तिला समजावून सांगावं लागतं. शाळेत पाळी शिकवतात तीही बटणासारखीच, पायरी पायरीनं. बाहुलीला चड्डी, तिच्यावर घडी, लाल रंगाचं पाणी, मग कागदात गुंडाळून टाकणं, हात धुणं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात ठिपका. सोबत कुणी कुठं हात लावायचा नाही, आणि लावला तर ओरडायचं कसं. बहुतेक मुली हे शिकतात.

आता एक कडू गोष्ट. विद्यार्थ्यांच्या पटावर अनुदान मिळतं आणि त्यामुळे खोट्या पटाचा मोह होतो. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांची पटपडताळणी केली आणि 2011च्या ऑक्टोबरात ती राज्यभर झाली. तेव्हा साध्या शाळांत काय काय निघालं ते सगळ्यांनी वाचलं. दिव्यांगांच्या शाळाही या रोगापासून मुक्त नाहीत. एक कागदी शाळा निघाली की मन लावून चालणाऱ्या दहा शाळांकडे संशयानं पाहिलं जातं आणि त्यांच्या शिक्षकांचे पगार तपासणीच्या फेऱ्यांत अडकतात. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची तर गोष्टच निराळी. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची पदविका घेतलेली मुलगी शेतमजुरीपेक्षा कमी पैशांत वर्षानुवर्षं काम करते. 3 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. या शिक्षकांचं वेतन हे त्या विभागापुढचं पहिलं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग अठरावं वर्ष येतं. शाळेचं वय संपतं, गाडी दारात यायची थांबते. पालकांच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न असतोच : “आमच्या माघारी या लेकराचं कसं?” मूल पाच वर्षांचं असो की पंचवीस, विचारणाऱ्याचा आवाज तसाच असतो. मेणबत्त्या, पणत्या, राख्या, कागदी पाकिटं, फायली करणाऱ्या कार्यशाळा काही शाळांना जोडून आहेत, पण त्यांत जागा थोड्या आणि विक्री दिवाळी-राखीपुरती. धाराशिवजवळ आळणीला ‘स्वआधार’ मुलींसाठी निवासी काम करतं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं आणि अठराव्या वर्षानंतरही आपल्याजवळच ठेवलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी मात्र अजून तशीच आहे.

कायद्यानं जे आज हाती आहे तेही फार थोड्या पालकांना माहीत असतं. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. ते नसेल तर मुलाच्या नावचं बँक खातं, जमिनीतला वाटा, यांत अडचणी येतात. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात उपचारपद्धतींचा खर्चही बसतो. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून ते विचारणारे पालक अलीकडे काही गावांत दिसू लागले आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी इथं लिहिलं आहे.

या पुस्तकातले लेख क्रमानं वाचायची गरज नाही. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर घरी करायच्या खेळांचा भाग आधी घ्यावा. मुलगी दहाची झाली असेल तर पाळीविषयीचा. मूल सतरा वर्षांचं असेल तर पालकत्वाच्या अर्जाचा नमुना शेवटी छापला आहे. तो भरून, सोबत दिव्यांग ओळखपत्राची प्रत, जन्माचा दाखला आणि होऊ घातलेल्या पालकाचं संमतिपत्र जोडून अठरा पूर्ण होताच जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.